नव्याला नऊ दिवस तरी मिळू द्या

सुरुवात एका छोट्या परीक्षेने करू. सगळ्यांनी डोळे मिटा. गेल्या वर्षी आपल्या 'मॅजिक' या कार्डांच्या खेळाचे जे नवे संच आले त्यांतला तिसरा आठवा आणि त्यातली पाच कार्डं मनातल्या मनात म्हणा. नाव काय, खेळायला किती माना, म्हणजे किती शक्ती, लागते, आणि करतं काय. हं... शांतता. आता तुम्ही खेळायला लागलात त्या पहिल्या वर्षातली पाच आठवा. बघा, ओठ हलायला लागले! मागच्या रांगेत कुणीतरी सातव्यावर पोचलंय, मी पाचच म्हटलं होतं. (हशा)

हा वयाचा परिणाम म्हणू नका. समोर पंधरा-सोळा वर्षांची मुलं बसली आहेत, त्यांचंही तेच झालं. पहिल्या वर्षीच्या कार्डांशी ओळख व्हायला सवड मिळाली होती, गेल्या वर्षीच्या कार्डांशी मिळाली नाही, एवढाच फरक. पत्रिकेवर माझा विषय 'वर्षाला किती संच असावेत' असा छापलाय. त्याचं उत्तर मी आकड्यासकट देणार आहे. पण तो आकडा कुठून आला हे कळायला आधी दोन निळ्या जमिनींची गोष्ट ऐकावी लागेल.

माझा एक जोडीदार होता. आम्ही अकरा वर्षं दर आठवड्याला मॅजिक खेळलो. आपली पाळी संपवताना तो बाकीच्या जमिनी आडव्या करायचा आणि दोन आयलंड मुद्दाम उभी ठेवायचा. इथल्या निम्म्या लोकांना पुढचं सांगायला नको. उरलेल्यांसाठी सांगतो. जमीन म्हणजे माना देणारं कार्ड, वापरलं की आडवं करायचं; आयलंड ही निळी जमीन. 'काउंटरस्पेल' हे १९९३ च्या अगदी पहिल्या संचातलं कार्ड. लागतात फक्त दोन निळे माना, आणि काम एका ओळीचं: समोरचा जो मंत्र, म्हणजे जमीन सोडून कुठलंही कार्ड, टाकतोय तो रद्द. म्हणजे दोन आयलंड उभी आहेत याचा अर्थ, 'टाक बघू काय टाकतोस ते.'

एका संध्याकाळी शेवटचा डाव चालला होता. माझ्या हातात शिवन ड्रॅगन होता, त्याला लागणारे सहा मानाही होते. तो पटावर उतरला असता तर दोन-तीन फेऱ्यांत खेळ माझा होता. समोर याची दोन आयलंड उभी, हातात दोन कार्डं. त्यातल्या एकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हराचा कोपरा तो अंगठ्याने उचलायचा आणि सोडायचा. टक्, टक्. मी त्या अंगठ्याकडे बघत बसलो. पहिल्या पाळीला ड्रॅगन ठेवून दिला. दुसऱ्या पाळीला म्हटलं, याचे माना दुसरीकडे खर्च होऊ देत. तिसऱ्या पाळीला मी हरलो, ड्रॅगन हातातच. मग त्याने ती दोन कार्डं उलटी करून दाखवली. दोन्ही जमिनी! काउंटरस्पेल सोडा, त्याच्या हातात एकही मंत्र नव्हता. इतकी देखणी हार मी आयुष्यात दुसरी पत्करलेली नाही.

याला आपण हूल देणं म्हणतो. पण हूल कुणाला देता येते? ज्याला माहीत आहे त्यालाच. ती दोन आयलंड बघून माझ्या मनात काउंटरस्पेल उभं राहिलं, म्हणून तो जिंकला. कार्ड त्याच्या हातात नव्हतं, माझ्या डोक्यात होतं. कार्डांचा खेळ पटावर जेवढा असतो तेवढाच दोघांच्या सामाईक माहितीत असतो, हे मी त्या संध्याकाळी शिकलो.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. समोर एक तरुण मुलगा होता. हुशार, आणि वागायला फार चांगला. माझा हात रिकामा. मी जोडीदाराची आठवण काढली आणि दोन आयलंड उभी ठेवली. त्याने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. एकामागून एक कार्डं टाकत गेला. माझ्याकडे काय असू शकतं याची भीती त्याला नव्हती, कारण ते त्याच्या ओळखीचंच नव्हतं. आणि माझीही तीच गत. त्याच्या तीन जमिनी उभ्या होत्या. त्या तीन जमिनींना मी काय म्हणून घाबरायचं, हे मला कुठे माहीत होतं? दोघेही आंधळी कोशिंबीर खेळत होतो.

तेवढ्यात त्याने एक कार्ड मांडलं. ते इतकं चमकत होतं की दिव्याखाली तिरकं धरल्याशिवाय अक्षर दिसेना. नाव वेलबुट्टीच्या लिपीत. चित्र कडेपर्यंत पसरलेलं, चौकट नाहीच. मी ते हातात घेऊन वाचलं, परत दिलं. दोन पाळ्यांनी पुन्हा मागितलं, पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की हे कार्ड माझ्याही डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गड्डीत, आहे. चार प्रती आहेत, दुसऱ्या चेहऱ्याच्या! मंडळी, मला त्या क्षणी खरोखर वाईट वाटलं. रोज ज्याच्याबरोबर उठबस करायची तो माणूस वेश बदलून दारात उभा राहावा आणि आपण त्याला 'कोण पाहिजे?' विचारावं, तसं झालं. एकाच कार्डाचे असे वेगवेगळे चेहरे पाकिटांत नेमाने यायला लागले ते २०१९ च्या 'थ्रोन ऑफ एल्ड्रेन'पासून. महागडं कलेक्टर बूस्टर, म्हणजे जमवणाऱ्यांसाठीचं पाकीट, तेही तेव्हापासूनच नियमित झालं. चित्रकारांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांतली काही चित्रं मी भिंतीवर लावीन. पण पलीकडच्या बाजूने, उलटं, हातभर अंतरावरून कार्ड ओळखू येणं ही खेळाची गरज आहे. चित्राचं पहिलं काम ते.

बरं, आता थोडा इतिहास. १९९४ मध्ये मॅजिकची पाकिटं मिळता मिळत नव्हती. दुकानदार दहा खोकी मागवायचा तेव्हा कशीबशी दोन-तीन हाती लागायची, म्हणून त्याने गरजेच्या कितीतरी पट मागवायला सुरुवात केली. नोव्हेंबरमध्ये 'फॉलन एम्पायर्स' हा संच आला. कंपनीने छपाई भरमसाट वाढवली होती, त्यामुळे ज्याने जेवढी मागवली होती तेवढी सगळी खोकी दारात येऊन पडली. आठ-आठ कार्डांची ती पाकिटं पुढे कित्येक वर्षं कवडीमोलाने विकली जात होती. पुढच्याच वर्षी 'क्रॉनिकल्स' आला, जुनी दुर्मीळ कार्डं पुन्हा छापली गेली, जमवणारे संतापले. १९९६ मध्ये कंपनीला एक यादी करून वचन द्यावं लागलं की ही कार्डं आम्ही पुन्हा छापणार नाही. ते वचन आजही पाळलं जातंय.

माझं मत असं की यातून धडा घेतला गेला, पण अर्धाच. एकच वस्तू ढिगाने छापली तर ती पडून राहते, हे कळलं. मग वेगवेगळ्या वस्तूंचा ढीग करा! पैसा तोच, ढीग तोच, फक्त प्रत्येक खोक्यावरचं नाव निराळं.

जुनी चाल आठवा. ऑक्टोबर १९९८ ला 'उर्झाज सागा', फेब्रुवारी १९९९ ला 'उर्झाज लेगसी', जूनमध्ये 'उर्झाज डेस्टिनी'. एक मोठा संच, त्याचेच दोन धाकटे भाऊ, आणि मधे चार-चार महिने. आता २०२५ बघा. १४ फेब्रुवारीला 'एथरड्रिफ्ट', ११ एप्रिलला 'तारकीर: ड्रॅगनस्टॉर्म', १३ जूनला 'फायनल फँटसी', १ ऑगस्टला 'एज ऑफ इटर्निटीज', २६ सप्टेंबरला 'स्पायडरमॅन', २१ नोव्हेंबरला 'अवतार'. सहा, आणि सहाही स्टँडर्डमध्ये, म्हणजे फक्त अलीकडचे संच चालतात त्या स्पर्धाप्रकारात, चालणारे. 'सीक्रेट लेअर'च्या छोट्या छोट्या पेट्या यात धरलेल्याच नाहीत. दोन संचांमध्ये सात ते नऊ आठवडे. त्यातले शेवटचे दोन-तीन आठवडे पुढच्या संचाची कार्डं दाखवण्यात जातात. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतात पाच-सहा संध्याकाळी. आपल्याकडे म्हणतात नव्याचे नऊ दिवस. इथे नऊ दिवससुद्धा भरत नाहीत हो!

याचं सगळ्यात मोठं नुकसान कुठे होतं? ड्राफ्टमध्ये. आठ जण गोल बसतात, प्रत्येकासमोर तीन पाकिटं. एक कार्ड ठेवायचं आणि बाकीची शेजाऱ्याकडे सरकवायची, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. हाती आलेल्या कार्डांतूनच डेक बांधून खेळायचं. पहिल्या आठवड्यात सगळे चाचपडत असतात. तिसऱ्या आठवड्यात माणूस शेजाऱ्याचं मन वाचायला लागतो: चांगलं लाल कार्ड सहाव्या हाताला माझ्यापर्यंत आलं, म्हणजे उजवीकडचे पाचही जण लाल खेळत नाहीत. आणि खरी मौज येते त्यानंतर, जेव्हा कुणीतरी सगळ्यांनी टाकून दिलेल्या कार्डांतून एक अचाट डेक उभा करतो आणि पुढच्या आठवड्यात सगळे त्याच कार्डांवर तुटून पडतात. मग ते कार्ड महाग पडतं, मग दुसरंच कुणी तिसरं काही शोधतं. ही घुसळण व्हायला दहा-बारा संध्याकाळी लागतात. आता विरजण लागायच्या आतच भांडं रिकामं करतात.

हे फक्त एका खेळाचं नाही. पोकेमॉनची एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षातली छपाई सुमारे ११.९ अब्ज कार्डांची. एवढं छापूनही मुलांना पाकिटं मिळत नाहीत, कारण दुकान उघडायच्या आधीच फेरविक्रीवाल्यांची रांग लागलेली असते. युगिओमध्ये जुने संच बादच होत नाहीत. त्यामुळे नवीन कार्ड खपायचं तर ते जुन्यापेक्षा वरचढ हवं, आणि दर काही आठवड्यांनी वरचढ करत राहायचं म्हणजे जुन्याची रोज हत्याच. लॉरकाना, वन पीस, स्टार वॉर्स अनलिमिटेड हे नवे खेळही तशाच घाईने आलेत. संध्याकाळ मात्र आपल्याकडे तेवढीच.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. चालेल, आता भराभर मुद्द्यावर येतो.

कंपनीची बाजू आधी सांगतो, कारण ती कच्ची नाही. विक्री विक्रमी आहे. मॅजिकने २०२२ मध्ये वर्षाला एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. 'फायनल फँटसी'ने एका दिवसात २० कोटी डॉलर केले, असं मॅजिकची मालक कंपनी हॅस्ब्रोनेच जाहीर केलं. त्या संचामुळे कितीतरी नवे लोक खेळाकडे वळले आणि मला त्यांचा आनंद आहे. पण त्याच २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बँक ऑफ अमेरिकाच्या विश्लेषकांनी लिहिलं होतं की अतिछपाईने हा खेळ पोखरला जातोय, आणि हॅस्ब्रोचा शेअर घसरला होता. त्याच महिन्यात तिसाव्या वर्षाची स्मरणप्रत आली: चार पाकिटं, ६० कार्डं, ९९९ डॉलर, आणि स्पर्धेत चालणार नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर असतं: 'प्रत्येक वस्तू प्रत्येकासाठी नसते, नको ते घेऊ नका.' खेळण्यांच्या बाबतीत हे खरं आहे. दोघांनी मिळून खेळायच्या कार्डांच्या बाबतीत ते खोटं आहे. मी एखादा संच विकत घेतला नाही, तरी समोरचा तो माझ्यावरच खेळणार. त्याच्या हातातलं प्रत्येक कार्ड माझ्यासाठीच असतं.

दुसरा मुद्दा तपासणीचा. 'नाडू' आठवतो ना? जून २०२४ च्या 'मॉडर्न होरायझन्स ३' संचातलं पक्ष्याचं कार्ड. शेवटच्या टप्प्यात त्याचा मजकूर बदलला आणि बदललेला मजकूर खेळून पाहिलाच गेला नाही, हे तो घडवणाऱ्याने स्वतः प्रामाणिकपणे लिहिलं. ऑगस्टअखेर त्याच्यावर मॉडर्नमध्ये, म्हणजे जुने संचही चालतात त्या स्पर्धाप्रकारात, बंदी आली. माणसं उत्तम आहेत, त्यांच्याकडे सवड नाही.

आता आकडा. चार. वर्षाला चार संच, मधे बारा-तेरा आठवडे. हा आकडा ड्राफ्टच्या त्या दहा-बारा संध्याकाळींवरून आला. दुसरं, संच आल्यावर पहिले आठ आठवडे पुढच्या संचाचं एकही कार्ड दाखवू नये. तिसरं, एका कार्डाचे चेहरे दोनच, आणि दोन्हींवर नाव सरळ अक्षरात. चौथं दुकानदारांबद्दल: आधीचा माल फळीवर असताना पुढच्या दोन संचांची मागणी त्यांच्याकडून नोंदवून घेतली जाते. याच्यावर खरं तर वेगळं तासभर बोलायला हवं. कारण दुकान बंद पडलं की टेबल गेलं, आणि टेबल गेलं की... असो, दुसरी चिठ्ठी आली.

शेवटचं एक. व्याख्यानानंतर मागच्या खोलीत ड्राफ्ट आहे. पाकिटं तीन वर्षांपूर्वीच्या संचाची आहेत, मी मुद्दाम जपून ठेवली होती. तो संच तेव्हा आपण सगळ्यांनी जेमतेम पाच वेळा खेळला होता. आठ जण हवेत, सहा नावं आली आहेत. माझं सातवं धरा.