युद्ध कोणी निवडलं?

श्रोतेहो, नमस्कार.

६ ऑगस्ट १८०३ या तारखेचं एक पत्र आहे. लिहिणारा आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर गाजला तो. पत्र दौलतराव शिंद्यांना. त्याचा आशय असा: मी तुम्हांला बरोबरीच्या नात्यानं, सगळ्यांचा मान राखणारा सलोखा देऊ केला होता. तुम्ही लढाई पत्करलीत. आता पुढे जे काही होईल, त्याला जबाबदार तुम्ही.

पत्र पाठवून दोन दिवस झाले, आणि त्याच्या फौजेनं अहमदनगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावल्या. दोन दिवसांत एवढी फौज कुठून येते? ती आलेलीच होती. नगरच्या जवळ तळ ठोकून, पाऊस कधी उघडतो याची वाट बघत बसली होती.

आज बोलायचंय ते याच युद्धाबद्दल. आपल्या पुस्तकांत त्याचं नाव दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. तारखा आपण शाळेत पाठ केल्या. ते लढायचं कशासाठी होतं, हे मात्र तेव्हा कोणी नीट सांगितलं नाही.

सुरुवात आपल्याच घरातून झाली, ते लपवण्यात अर्थ नाही. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावानं विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. भाऊ यशवंतराव सूडाला पेटले. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत, त्यांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे या दोघांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाले ते कोकणात उतरून, इंग्रजांच्या जहाजानं, थेट वसईला. तिथे ३१ डिसेंबरला तह झाला. कंपनीचं सहा हजार पायदळ कायमचं पदरी ठेवायचं, त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि कंपनीला विचारल्याशिवाय परदरबाराशी बोलणी करायची नाहीत. गादी परत मिळाली, पण तिच्यावर बसून करायचं ते गेलं. बाजीरावांची तऱ्हा अशी की सही करून झाल्यावरही ते आतून शिंदे-भोसल्यांशी संधान बांधून होते.

शिंदे आणि नागपूरकर भोसले वऱ्हाडच्या बाजूला एकत्र आले. इंग्रजांचा वकील कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीत होता. त्यानं विचारलं, तुमचा इरादा काय? उत्तर आलं की भोसल्यांची भेट झाली की कळवतो, सलोखा की लढाई. हे बोलून शिंद्यांनी आयतं कोलीत हाती दिलं, असं मला वाटतं. पण पुढचं ऐका. निजामाच्या हद्दीपासून फौजा मागे घ्या, अशी इंग्रजांची मागणी होती. शिंद्यांचं म्हणणं, आम्ही आमच्याच मुलखात आहोत. तरी तुम्ही तुमच्या ठाण्यांवर परत जा, आम्हीही बऱ्हाणपूरला जातो, दोघंही एकाच दिवशी. वेलस्लीनं ते धुडकावलं. कॉलिन्स ३ ऑगस्टला छावणी सोडून निघाला. आणि हा निर्णय कलकत्त्याला विचारून घ्यायचीही गरज नव्हती. गव्हर्नर जनरल म्हणजे आर्थरचा सख्खा थोरला भाऊ रिचर्ड. त्यानं जूनमध्येच लढाईचे आणि तहाचे सगळे अधिकार धाकट्याच्या हाती दिले होते.

कारणं सांगितली गेली ती अशी. दोस्त पेशव्याचं रक्षण करायचं, निजामाची हद्द सांभाळायची, आणि सर्वांत मोठं म्हणजे फ्रेंचांचा धोका. शिंद्यांच्या कवायती फौजेचा मुख्य पेराँ फ्रेंच होता, हे खरं. मे महिन्यात युरोपात इंग्लंड आणि फ्रान्स पुन्हा भिडले होते, हेही खरं. पण हा पेराँ सप्टेंबर उजाडताच शिंद्यांना सोडून इंग्रजांच्या आसऱ्याला गेला! असईच्या लढाईत शिंद्यांच्या पलटणी लढवणारा पोलमान तर हॅनोव्हरचा जर्मन, आणि हॅनोव्हरचा अधिपती होता खुद्द इंग्लंडचाच राजा.

असई आज जालना जिल्ह्यात आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधलं गाव. २३ सप्टेंबरला वाटाडे सांगत होते की इथे नदीला उतार नाही, म्हणजे पायी ओलांडायची जागा नाही. वेलस्लीनं पाहिलं, दोन काठांवर दोन गावं समोरासमोर वसलेली. म्हणजे माणसं ये-जा करत असणार, म्हणजे पायउतार असणारच. तो होता. आया-बाया, गुरंढोरं ज्या वाटेनं जात, त्याच वाटेनं पलटणी उतरल्या. संध्याकाळपर्यंत त्याच्या साडेचार हजारांतले दीड हजारांहून अधिक मेले किंवा जखमी झाले होते. हा आकडा चोख मिळतो. शिंद्यांच्या बाजूचे किती गेले, ते मात्र जिंकलेल्या इंग्रजांच्या अंदाजावरच मोजायचं.

उत्तरेत इंग्रज सेनापती लेकनं दिल्ली घेतली आणि आंधळा बादशहा शहाआलम शिंद्यांच्या ताब्यातून कंपनीच्या ताब्यात गेला. इकडे वऱ्हाडात आडगावची लढाई हरल्यावर आणि गाविलगडचा किल्ला पडल्यावर डिसेंबरात दोन तह झाले. भोसल्यांचा कटक गेला, शिंद्यांचा गंगा-यमुनेमधला दुआब गेला. होळकर या सगळ्यात बाजूला राहिले आणि पुढच्या वर्षी एकटेच लढले. त्याबद्दल बोलायला वेगळा दिवस लागेल.

दख्खनच्या शेतकऱ्याचं काय झालं? १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी मुलूख धुऊन काढलेला. बियाणं नाही, बैल नाहीत. त्यात १८०३ चा परतीचा पाऊस हुकला. १८०४ च्या दुष्काळात माणसं गावंच्या गावं सोडून कोकणात, गुजरातेत, मुंबईत गेली. वेलस्लीचं त्या काळातलं लिखाण उपलब्ध आहे. उपासमार झालेल्यांचे त्यानं दोन वर्ग पाडले: काम करू शकणारे आणि न करू शकणारे. पहिल्यांना कामावर लावावं, फुकट खाऊ घालू नये, असं त्याचं मत. प्रशासक म्हणून ते व्यवहारी असेल, त्यानं काही जीव वाचलेही असतील. पण मोहिमेचा हिशेब मांडताना हे उपाशी लोक त्यात कुठे धरायचे, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

हिशेब मागितला गेला तो लंडनमध्ये, आणि तो पैशांचा. कंपनीच्या संचालकांना कर्जाचा डोंगर दिसला. वसईचा तह मुळात शहाणपणाचा होता का, असं मंत्री कॅसलरेनंही विचारलं, आणि आर्थर वेलस्लीनं त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. १८०५ मध्ये रिचर्डला माघारी बोलावलं गेलं. जिंकलेल्या मुलखातला बराचसा मात्र कंपनीनं परत केला नाही. असईला वेलस्लीच्या सोबत घोड्यावर असलेला एक तरुण कारकून, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुढे पुण्याला रेसिडेंट म्हणून आला, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो मुलूख त्याच्याच हाती सोपवला गेला.

नमस्कार.