खुर्चीवरची धडधड

नमस्कार श्रोतेहो.

आज स्नूकरबद्दल बोलायचंय. बारा फुटी टेबल, हिरवं कापड, बावीस चेंडू. नियम सांगत बसत नाही, वेळ थोडा आहे. बोलायचंय ते हाताच्या थरथरण्याबद्दल.

सरावात डोळे मिटून जाणारा काळा चेंडू सामन्यात मात्र भोकाच्या ओठावर येऊन थांबतो. का? एक तर मूठ आवळते. पोळी लाटताना लाटणं घट्ट धरलं की पोळीचा नकाशा होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. क्यूचं, म्हणजे चेंडू मारायच्या काठीचं, तसंच. मूठ आवळली की क्यूची रेघ वाकडी जाते. दुसरं, चेंडू गेला का हे बघायच्या घाईत फटका पुरा व्हायच्या आत डोकं वर येतं. तेव्हा मूठ सैल आणि डोकं खाली. परत सांगतो, मूठ सैल, डोकं खाली.

पण ही धडधड टेबलापाशी सुरू होत नाही, ती खुर्चीवर सुरू होते. समोरचा खेळत असतो तोवर तुम्ही खुर्चीत बसून असता. क्रिकेटमध्ये समोरच्या टोकाचा फलंदाज निदान पळतो तरी. इथे दहा-दहा मिनिटं नुसतं बघायचं. परीक्षेच्या केंद्राबाहेर उभ्या असलेल्या आईबापांसारखं. (त्या आईबापांनी खरं तर घरी जावं. पोरं आतून फाटकाकडेच बघत बसतात. असो.)

या खुर्चीवरून मला शेफिल्ड आठवतं. माझ्या ओळखीच्यांनी हा किस्सा इतक्यांदा ऐकलाय की मी 'शेफिल्ड' म्हटलं की ते चपला शोधू लागतात. तुम्ही रेडिओ बंद करू नका म्हणजे झालं.

1985 सालचा एप्रिल. शेफिल्डचं क्रूसिबल थिएटर, जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी. एका बाजूला स्टीव्ह डेव्हिस, सत्तावीस वर्षांचा, तीनदा जगज्जेता, चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारखी शांतता. दुसऱ्या बाजूला उत्तर आयर्लंडचा डेनिस टेलर, छत्तीस वर्षांचा, एकदाही जगज्जेता नाही. टेलरचा चष्मा बघण्यासारखा होता. भल्यामोठ्या भिंगांचा, उलटा लावल्यासारखा दिसणारा. क्यूवर वाकून वर बघताना नजर भिंगातूनच जावी म्हणून मुद्दाम तसा करून घेतलेला. लोक हसायचे.

आधी अठरा फ्रेम, म्हणजे डाव, जिंकेल तो विजेता. डेव्हिसने सुरुवातीच्या आठच्या आठ घेतल्या. आठ-शून्य! टेलर काय करत होता? खुर्चीत बसून होता. तरी पहिला दिवस संपला तेव्हा आकडे होते नऊ-सात. दुसऱ्या दिवशी सतरा-पंधरा डेव्हिस पुढे, आणि मग सतरा-सतरा. शेवटची एकच फ्रेम उरली, आणि ती एकटी अडुसष्ट मिनिटं चालली. रात्रीचे बारा वाजून गेले. ब्रिटनमध्ये 1 कोटी 85 लाख माणसं टीव्हीसमोर जागी होती.

मी हे सगळं नंतर, मित्राच्या मामांनी आणलेल्या कॅसेटवर पाहिलं. व्हीसीआर मधेमधे टेप खायचा, मित्राचे वडील पेन्सिल घालून ती गुंडाळायचे. निकाल माहीत होता, तरी आम्हाला घाम.

आता नीट ऐका. टेबलावर चार रंगीत उरलेत. तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. चार, पाच, सहा, सात, म्हणजे बावीस गुण. डेव्हिस बासष्ट, टेलर चव्वेचाळीस. टेलरला चारही हवेत. त्याने लांबून तपकिरी घातला. निळा घातला. गुलाबी घातला. बासष्ट-एकोणसाठ. उरला काळा. जो काळा घालेल तो जगज्जेता. अख्ख्या सामन्यात टेलर तोवर एकदाही पुढे गेला नव्हता, हेही लक्षात घ्या.

टेलरने काळा कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, आपटून मधल्या भोकात घालायचा प्रयत्न केला. हुकला. मग एकमेकांना जपून, लपवून खेळणं. टेलरला पुन्हा संधी आली, पुन्हा हुकली, आणि तो खुर्चीकडे परतला. त्याला वाटलं, गेलं सगळं. आणि डेव्हिससमोर काळा उरला होता. अगदी पातळ कापायचा, म्हणजे कडेला जेमतेम स्पर्श करून घालायचा, पण डेव्हिससाठी रोजचा.

डेव्हिस वाकला. कापला, जरा जास्तच कापला. काळा भोकात गेलाच नाही. समालोचक टेड लो यांच्या तोंडून एकच शब्द फुटला, 'नो!'

टेलर खुर्चीतून उठला, वाकला, आणि काळा घातला. सहासष्ट-बासष्ट. क्यू दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तो हलवत राहिला.

मला यात टेलरच्या फटक्यापेक्षा त्याचं खुर्चीतून उठणं आवडतं. मनातून हरलेला माणूस उठतो आणि हात सरळ चालतो, हे कसं? माझा अंदाज असा की गेलंच म्हटल्यावर मूठ आपोआप सैल होते.

जाता जाता, हा खेळ जन्मला आपल्याच देशात, 1875 साली जबलपूरच्या लष्करी छावणीत. आणि विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले! 1958 साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे, म्हणजे याच टेबलावरच्या भावंड खेळाचे, हौशी जगज्जेते झाले, कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय. पुण्यात किती जणांना ठाऊक आहे, विचारून बघा. क्रिकेटच्या रणजी संघातला बारावा खेळाडू मात्र सगळ्यांना पाठ.

काचेपलीकडून दोन बोटं दिसतायत, म्हणजे दोन मिनिटं. उपाय पटापट सांगतो. खुर्चीवर बसल्यावर समोरच्याच्या गुणांची बेरीज करू नका. पाण्याचा घोट घ्या, क्यूच्या टोकाला लावायचा खडू बोटांत फिरवा, श्वास आत घेताना चार मोजा, सोडताना सहा. उठलात की दर वेळी तीच क्रिया, त्याच क्रमाने: खडू, रेघ बघणं, वाकणं, क्यू दोन-तीनदा मागेपुढे झुलवणं, क्षणभर थांबणं, फटका. सोपा असो वा अवघड, क्रम तोच. आणि सरावाच्या शेवटी काळा त्याच्या जागेवर ठेवून सलग दहा वेळा घाला. नववा हुकला तर परत एकपासून. घरी जेवण थांबलेलं असताना दहावा मारायचा असतो ना, तेव्हा सामन्याइतकीच धडधड होते. मी परवा सातव्यावर चारदा अडकलो, घरी पोचलो तेव्हा आमटीवर साय धरली होती.

एक बोट दिसतंय. मूठ सैल, डोकं खाली. नमस्कार.