मिसाईल पडतंय असं वाटतं तो क्षण

जहाजावरून क्रूझ मिसाईल सुटतानाचा व्हिडिओ कधी दिसला तर नीट बघा. डेकवरचं झाकण उघडलं, आगीचा लोळ, धूर, आणि मिसाईल सरळ उभं वर गेलं. मग ते एका बाजूला वाकतं, मागून एक तुकडा गळून पडतो आणि क्षणभर ते खाली यायला लागल्यासारखं दिसतं. हे व्हिडिओ बघताना बऱ्याच जणांना इथंच वाटतं की गेलं, फेल झालं. पण नाही, हे सगळं ठरवून केलेलं असतं, आणि मला तर अख्ख्या उड्डाणातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो.

क्रूझ मिसाईल म्हणजे मुळात बिनपायलटचं छोटं विमान. अमेरिकेच्या टॉमाहॉकचंच घ्या ना, बूस्टर (मागं जोडलेलं, सुरुवातीला ढकलणारं रॉकेट) धरून वजन 1600 किलोच्या आसपास आणि आतल्या टर्बोफॅन या जेट इंजिनाचा जोर किती, तर साधारण 270 किलो पेलेल एवढाच. म्हणजे नुसत्या त्या इंजिनावर हे मिसाईल जहाजातून वर येऊच शकत नाही. आडवं उडताना तेवढा जोर पुरतो कारण तेव्हा वजन पंख पेलतात, इंजिनाला फक्त हवेचा विरोध तोडायचा असतो. पण पंख कुठायत? ते तर अंगात मिटून ठेवलेत, त्याशिवाय मिसाईल कॅनिस्टरमध्ये, म्हणजे ते ज्या नळीत ठेवतात तिच्यात, मावणारच नाही.

म्हणून मागं घन इंधनाचा बूस्टर लावतात. तो 10-12 सेकंद जळतो आणि तेवढ्यात मिसाईलला उंचीही द्यायची, वेगही द्यायचा आणि उभ्याचं आडवंही करायचं, सगळं त्याच्याच जिवावर. त्यात अडचण अशी की सुरुवातीला वेग जवळपास नसतोच. फिनवर, म्हणजे दिशा द्यायच्या मागच्या छोट्या पंखांवर, हवेचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट, त्यामुळे पहिल्या क्षणांत फिन हलवून काही उपयोग नाही, आणि खाली जहाज लाटांवर डुलतंय ते वेगळंच. मग वळवायचं कसं? तर बूस्टरच्या झोताचीच दिशा बदलून. व्हिडिओत जे वाकणं दिसतं ते हेच.

आता तो खाली येण्याचा क्षण. बूस्टर जळून संपला, त्याचं आता नुसतं ओझं, म्हणून तो सोडून दिला जातो. पंख बाहेर येतात, पोटाखालचा हवा ओढायचा स्कूप उघडतो, टर्बोफॅन फिरायला लागतं, आणि या मधल्या वेळात मागून ढकलणारं काहीच नसतं किंवा फार थोडं असतं. उंची जरा कमी होणारच. इंजिनानं जोर धरला की मिसाईल सावरतं आणि ताशी 880 किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं खालून, पाण्यालगत निघून जातं.

मग तिरपंच का नाही सोडत, एवढा वळायचा खटाटोप कशाला? सोडतात की, हार्पून हे जहाजविरोधी मिसाईल जहाजावरून तिरप्या नळीतूनच सुटतं. पण उभ्या नळ्या डेकमध्ये दाटीनं बसवता येतात आणि लक्ष्य कुठल्याही दिशेला असो, जहाज किंवा लाँचर फिरवायला लागत नाही. अमेरिकेच्या मार्क 41 या उभ्या लाँचरमध्ये 8 नळ्यांचा एक संच असतो, 4-4 च्या दोन रांगा, आणि जळता धूर मधल्या वाटेनं वर काढून देतात म्हणजे शेजारच्या मिसाईलला धक्का नको.

ब्रह्मोसची तऱ्हा अजून वेगळी. त्याचं तोंड म्हणजेच त्याच्या रामजेट इंजिनाचं हवा घ्यायचं भोक, त्यावर टोपी असते आणि त्या टोपीतच छोटे थ्रस्टर. वर आल्या आल्या ते नाकाकडून मिसाईलला वळवतात, टोपी निघून पडते. रामजेटला हवा दाबणारा पंखाच नाही, हवा वेगानंच दाबली जाते, म्हणून बूस्टरनं आधी आवाजापेक्षा जास्त वेग गाठून द्यावा लागतो. तो बूस्टर बसलेला असतो रामजेटच्या पोटातच, आणि जळून झाला की समोरून घुसणारी हवाच त्याला मागून बाहेर फेकते. आधी जहाजावरून ब्रह्मोस तिरपं सुटायचं, चालत्या जहाजातून उभं पहिल्यांदा सुटलं ते 18 डिसेंबर 2008 ला, बंगालच्या उपसागरात, आयएनएस रणवीरवरून.