चेंबर कापायचं की राहू द्यायचं?

(दृश्य: लेथवर बसवलेली रायफलची नळी. मागच्या तोंडात रीमर शिरतो आहे.)

रीमर म्हणजे काडतुसाच्या आकाराचं एक हत्यार, अंगभर उभ्या धारा असलेलं. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जी जागा असते, म्हणजे चेंबर, ती त्याने कापतात. कारागीर तो केसभर आत सरकवतो, फिरवतो, बाहेर काढतो. धारांमध्ये अडकलेला पोलादाचा चकचकीत कीस पुसतो, पुन्हा तेल लावतो आणि पुन्हा आत घालतो. शेवटचा टप्पा आला की दर खेपेला गेज लावून बघतो. घाई केली, तर एका फेऱ्यात नळी वाया जाते.

हे काम बघायला फार छान वाटतं. कदाचित त्यामुळेच अनेक जण आपली चांगली चालणारी मोठी रायफल कारागिराच्या हाती देतात आणि म्हणतात, "हिचं चेंबर वाढवून द्या, मला अमुक वाइल्डकॅट हवं आहे."

वाइल्डकॅट म्हणजे कारखान्यात न बनणारं काडतूस. कुणीतरी हौशी माणूस कारखान्याची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच घेतो, गोळी धरणारी तिची मान रुंद करतो किंवा आवळतो, मानेखालचा तिरपा खांदा पुढे ढकलतो, अंगाचा उतार कमी करतो. पुंगळीच्या पोटात बंदुकीची दारू जास्त मावली की गोळी जास्त वेगाने जाते. हिशोब इतका सरळ आहे. प्रश्न एवढाच, की त्या वाढीव वेगासाठी जे मोजावं लागतं, ते अंगावर चालून येणाऱ्या जनावरासमोर परवडतं का? हरणाच्या रायफलीत हा प्रश्न हौसेचा असतो. केप बफेलोच्या किंवा हत्तीच्या रायफलीत तो जिवाचा होतो.

(दृश्य: दोन काडतुसं शेजारी उभी. एक आखूड, एक लांब.)

आधी वाइल्डकॅटच्या बाजूची सर्वांत भक्कम साक्ष ऐकू. १९५६ साली विंचेस्टर कंपनीने .४५८ विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस बाजारात आणलं. नावातला आकडा म्हणजे गोळीचा व्यास, इंचांत. कल्पना हुशारीची होती. हत्तीच्या शिकारीसाठी लागणाऱ्या इंग्रजी दुनळी रायफली सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच्या. त्यांचं काम साध्या बोल्ट रायफलीत, म्हणजे हाताने दांडा (बोल्ट) ओढून भरायच्या एकनळी रायफलीत करायचं, म्हणून काडतूस .३०-०६ च्या लांबीच्या यंत्रणेत बसेल एवढं आखूड ठेवलं. पुंगळी अडीच इंचांची. पुढे इंग्लंडच्या किनॉकने मोठ्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) जुनी काडतुसं बनवणं थांबवलं, आणि आफ्रिकेत .४५८ ला रान मोकळं झालं.

पण अडीच इंचांच्या पोटात ५०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी आणि तिला पळवायला लागणारी दारू, दोन्ही कोंबावी लागत होती. दारू दाबून बसवलेली. उन्हात, गाडीच्या डब्यात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या काडतुसांत तिचे गठ्ठे होतात आणि ती नीट पेटत नाही, अशा तक्रारी आफ्रिकेतून येऊ लागल्या. वेगाचे आकडेही जाहिरातीइतके येईनात. पुढच्या तक्त्यांमध्ये तो सेकंदाला २०४० फुटांवर उतरलेला दिसतो. हत्तीच्या समोर उभ्या असलेल्या माणसाला तक्त्यातली घट परवडेल, पण बार फुसका निघालेला चालणार नाही.

१९५९ मध्ये मोझांबिकमध्ये जॅक लॉट या अमेरिकन शिकारी-लेखकाला एका बफेलोने जखमी केलं. हाती .४५८ विंचेस्टर होती. माणूस वाचला आणि वैतागून कामाला लागला. १९७१ मध्ये त्याने .३७५ हॉलंड अँड हॉलंडची लांब पुंगळी घेतली आणि ती .४५८ च्या गोळीसाठी फुलवली. पुंगळीचं तोंड रुंद होताना तिची लांबी जरा घटते, ती २.८ इंचांवर आली. हेच .४५८ लॉट. असा प्रयोग त्याच्या आधी .४५० वॉट्सच्या रूपाने होऊन गेला होता, हे खरं. पण लॉट टिकलं. पुढे कारखान्यांनी ते स्वीकारलं. ५०० ग्रेनची गोळी सेकंदाला २३०० फूट, म्हणजे सुमारे ५८७० फूट-पाउंड ऊर्जा. विंचेस्टरच्या २०४० फुटांना ती ४६२० च्या आसपास भरते.

लॉटचं खरं यश मात्र मला या आकड्यांत दिसत नाही. लांब पुंगळीत दारू कोंबावी लागत नाही, ती आरामात बसते, उन्हातान्हात नीट पेटते. मूळ काडतुसाचा खरा दोष दूर झाला, वेग त्याच्या मागोमाग आला.

(दृश्य: नळीचा उभा छेद, चेंबरची रेषा दाखवणारं रेखाचित्र.)

आता कारागिराच्या बाजूने बघू. रीमर फक्त काढू शकतो, घालू शकत नाही. त्यामुळे नवं चेंबर प्रत्येक ठिकाणी जुन्यापेक्षा मोठं किंवा निदान तेवढंच असायला हवं. कुठेही जुनं चेंबर रुंद आणि नवं काडतूस अरुंद असेल, तर तिथे पुंगळीला आधार उरत नाही आणि ती फुगते किंवा फाटते. अशा वेळी नळीचा मागचा भाग कापून ती आत आणावी लागते, किंवा सरळ नवी नळी बसवावी लागते.

या परीक्षेत .४५८ विंचेस्टरचं लॉट करणं पैकीच्या पैकी गुण मिळवतं. बोअर तेच, बुडाचा घेर तोच, बुडाजवळचं कडं तेच. काडतूस त्या कड्यावर टेकून थांबतं, त्यामुळे बोल्टचं तोंड बदलावं लागत नाही. चेंबर पुढे ०.३ इंच खोल केलं की झालं. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे जुनी .४५८ विंचेस्टरची काडतुसंही त्याच चेंबरमधून उडतात. लॉट मिळालं नाही, तर रायफल निकामी होत नाही.

पण चेंबर हा कामाचा निम्मा भाग झाला. विंचेस्टरचं भरलेलं काडतूस ३.३४ इंचांचं, लॉटचं ३.६ इंचांचं. आखूड यंत्रणेत मॅगझिनची पेटी लांब करायची म्हणजे पुढच्या चढावाचं पोलाद खरवडायचं, ज्यावरून काडतूस वर सरकत चेंबरमध्ये शिरतं. हा चढाव माउझर पद्धतीच्या यंत्रणेत बोल्टच्या खालच्या कानाच्या, म्हणजे बोल्टला जागेवर अडकवणाऱ्या उंचवट्याच्या, अगदी मागे असतो. दारू पेटली की बोल्टवर मागे येणारा सगळा जोर त्या कानाच्या मागच्या पोलादावर पडतो. तेच पोलाद आपण पातळ करत असतो. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि दहा बारांत काही होतही नाही. म्हणून जिची यंत्रणा मुळातच .३७५ च्या लांबीची आहे, तीच रायफल लॉटसाठी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आखूड यंत्रणा ओढूनताणून लांब करण्यात अर्थ नाही.

(दृश्य: .३७५ ची पुंगळी हळूहळू फिरते. तिचा लांब, निमुळता उतार.)

आता दुसरी बाजू. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम १९१२ चं आहे. शंभराहून जास्त वर्षं ते जगभर चाललं, याचं कारण त्याच्या अंगात आहे. ही पुंगळी बुडापासून खांद्यापर्यंत सतत निमुळती होत जाते आणि खांदाही निजल्यासारखा तिरपा, साधारण १५ अंशांचा. शिरताना तिचं टोक चेंबरच्या तोंडाशी बारीक असतं, त्यामुळे अडत नाही. बाहेर येताना जरा मागे सरकली की सगळ्या बाजूंनी भिंतींपासून सुटते. ओल्या हातांनी, घाबरलेल्या अवस्थेत, बोल्ट अर्धवट जोर लावून ओढला तरी पुंगळी बाहेर येते.

सुधारित .३७५, म्हणजे याच पुंगळीचं फुगवलेलं रूप, नेमका हाच उतार खातं. अमेरिकन बंदूक-कारागीर पी. ओ. अॅकली यांच्या पद्धतीत अंग जवळजवळ सरळ आणि खांदा ४० अंशांचा. रॉय वेदरबी यांनी १९४० च्या दशकात आणलेल्या .३७५ वेदरबीतही अंग असंच फुगवलेलं, खांदा गोलाईचा. चेंबर कापायला सोपं, कारण ते सगळीकडून मोठंच होतं. कारखान्याचं साधं .३७५ काडतूस नव्या चेंबरमध्ये उडवलं की पुंगळी आपोआप नव्या आकाराची होऊन बाहेर पडते. ३०० ग्रेनची गोळी मूळ काडतुसात सेकंदाला २५३० फूट जाते. वेदरबीच्या जाहीर आकड्यांत २८०० फूट. ऊर्जा ४२६५ वरून ५२२४ फूट-पाउंडांवर.

कागदावर आकर्षक आहे, नाकारणार नाही. पण बफेलो मारला जातो तो बहुधा शंभर पावलांच्या आत. तिथे हा वाढीव वेग गोळीवर जास्त ताण टाकतो, खांद्यावर जास्त धक्का देतो, आणि बदल्यात घेतो तो सुटसुटीतपणा, ज्यासाठी मूळ काडतूस नावाजलं गेलं. लांब पल्ल्याच्या मैदानी शिकारीसाठी कुणाला .३७५ वेदरबी हवं असेल, तर त्याने ती मूळ तशीच बनवलेली रायफल घ्यावी. चांगली .३७५ बिघडवून ते करू नये.

उष्णतेची गोष्टही इथेच सांगायला हवी. गरम प्रदेशात दारू जास्त जोराने पेटते, दाब वाढतो, पुंगळी चेंबरला चिकटते. जुन्या इंग्रजी कारागिरांना हे पुरतं ठाऊक होतं. १९११ चं .४१६ रिग्बी म्हणूनच पोटाने मोठं आणि दाबाने कमी ठेवलेलं आहे. युरोपातल्या सीआयपी या मानक संस्थेने त्याची मर्यादा ३२५० बार ठेवली आहे, .३७५ ची ४३०० बार. मोकळी जागा दिसली की हौशी माणसाचा हात शिवशिवतो, की रिग्बीत आणखी दारू मावेल. मावेल हो. पण ती जागा उन्हासाठी सोडलेली आहे.

(दृश्य: विमानतळावरच्या बंदूक तपासणीचा टेबल. काडतुसाच्या बुडावरची अक्षरं जवळून.)

कागदपत्रांचा घोळ मात्र बहुतेक जण विसरतात. काडतुसाच्या बुडावर कारखाना नाव ठोकतो. अधिकारी ते परवान्याशी आणि नळीवरच्या नावाशी ताडून बघतो. वाइल्डकॅटच्या बुडावर एक नाव, नळीवर दुसरं आणि परवान्यावर कदाचित तिसरं. त्याला समजावत बसायची तुमची हौस असेल, त्याची नसते. विमानात काडतुसं साधारण पाच किलोपर्यंतच नेता येतात. सामान हरवलं, तर .३७५ एखाद्या आडगावच्या दुकानातही मिळण्याची शक्यता असते. तुमच्या घरच्या बाकावर भरलेलं वाइल्डकॅट पृथ्वीवर इतरत्र कुठेही नसतं.

इंग्लंडमध्ये चेंबर बदललं, तर रायफलची जुनी प्रूफ-मोहोर निरुपयोगी होते. लंडनचं प्रूफ हाउस १६३७ पासून, बर्मिंगहॅमचं १८१३ पासून हेच काम करतंय. ठरलेल्या मापापेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळी तपासायची आणि मग मोहोर मारायची. पुन्हा प्रूफ केल्याशिवाय अशी रायफल तिथे विकता येत नाही. अमेरिकेत ही सरकारी सक्ती नाही, म्हणजे सगळा भरवसा तुमच्या कारागिराच्या हातावर.

धक्क्याबद्दल थोडक्यात. सारख्या वजनाच्या रायफलीत .३७५ चा धक्का .३०-०६ च्या साधारण दुप्पट असतो, लॉटचा तिपटीहून जास्त. ज्याला .४५८ विंचेस्टरचे पाच बार डोळे न मिटता मारता येत नाहीत, त्याला लॉट देऊन काही साधत नाही. त्याचं पहिलंच लक्ष्य चुकेल, फक्त जास्त वेगाने.

(दृश्य: जुनी इंग्रजी रायफल, दस्त्यावरची लाकडाची रेघ, नळीवरचं कोरीव नाव.)

मग करायचं काय? नामांकित घराण्याची जुनी रायफल असेल, तर हात लावू नये. कापलेल्या चेंबरने तिची किंमतही जाते आणि इतिहासही. लांब यंत्रणेची .४५८ विंचेस्टर असेल आणि मालकाला धक्का पेलत असेल, तर लॉट करून घ्यावं. खरं सांगायचं तर आज एवढं एकच रूपांतर मी बिनदिक्कत सुचवेन. बाकी कुणाला वेगळं काडतूस हवंच असेल, तर त्याने नवी नळी बसवून घ्यावी आणि जुनी तेल लावून जपून ठेवावी. खर्च जास्त येतो, पण मन बदललं तर परतीची वाट उरते. आणि काहीही केलं, तरी नळीवर नवं नाव कोरून घ्यावं, जुन्यावर काट मारून. नाहीतर पुढचा मालक जुन्या नावाच्या भरवशावर भलतंच काडतूस भरेल.

हा पुढचा मालक तुम्हीही असू शकता. म्हणून जुनी मोठी रायफल विकत घेताना आधी चेंबरचा साचा काढून घ्या. त्यासाठी बिस्मथ मिसळलेला एक मिश्रधातू मिळतो, तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही खाली वितळतो. नळीत पुढून बोळा बसवून तो मागून ओततात. गार होताना सुरुवातीला तो किंचित आकसतो, म्हणून सहज निघून येतो. तासाभराने त्याचं माप चेंबरच्या खऱ्या मापावर येतं. तेव्हा कॅलिपर लावून उतार आणि खांद्याचा कोन मोजायचा. आणि तो १५ ऐवजी ४० अंश भरला, तर विकणाऱ्याला विचारायचं की हिचं चेंबर कुणी आणि कधी कापलं.