दवाखान्याची तपासणी गावानं कशी करावी

मंडळी, फवारणीचा हंगाम तोंडावर आहे, म्हणून सुरुवात ॲट्रोपिनपासून करतो. ऑर्गेनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक अंगात भिनलं, तर माणसाला वाचवणारं हे इंजेक्शन. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तपासणीत त्याच्यावर जेमतेम एक ओळ खर्च होते: आहे की नाही? ट्रेमध्ये दहा अँप्युल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या कुप्या, दिसल्या की पथक पुढे सरकतं. पण हिशोब करून बघा. एका अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम औषध असतं. गंभीर रुग्णाला पहिला डोसच किमान तीन अँप्युलचा लागतो. पाच मिनिटांत छातीतली घरघर थांबली नाही, तर सहा. तरीही नाही, तर बारा. म्हणजे दहाव्या मिनिटाला बारा लागतात आणि ट्रेमध्ये एकच उरलेली असते. कागदावर मात्र दवाखाना पास झालेला असतो.

२०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक माणसं गेली. त्यांच्यातला बहुतेक माणूस आधी जवळच्या दवाखान्याकडेच धावला असणार. म्हणून मला वाटतं, आपल्या भागात तपासणीचा पहिला प्रश्न असा असावा: आज दुपारी एकाच वेळी दोन फवारणी करणारे आले, तर मोठं हॉस्पिटल गाठेपर्यंत पुरेल एवढं औषध आहे का?

सरकारी तपासणी निकामी आहे, असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं विचारपूर्वक केलेली आहेत. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण असतात आणि प्रमाणपत्रासाठी एकूण ७० टक्के तरी मिळावे लागतात. तपासायच्या पद्धतीही चार सांगितल्या आहेत: डोळ्यांनी पाहा, कर्मचाऱ्यांना विचारा, नोंदी वाचा, रुग्णांशी बोला. माझ्या अनुभवात बहुतेक दिवस तिसऱ्यातच जातो, कारण रजिस्टरं टेबलावर आधीच मांडून ठेवलेली असतात.

आणि ती वाचायची तर नीट वाचा. लस ठेवतात त्या आयएलआर फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये राहायला हवं, दिवसातून दोनदा नोंदायला हवं. एखाद्या रजिस्टरात महिनाभर ओळीनं चार, चार, चार असे आकडे आणि सगळे एकाच पेनानं लिहिलेले दिसले, की मला काळजी वाटते. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट जात नाही का? जिथं ‘दुपारी लाईट गेली, तापमान नऊ झालं, डॉक्टरांना कळवलं’ असं लिहिलेलं सापडतं, तिथल्या सिस्टरचं सर्वांसमोर कौतुक करा. नेमकं उलटं होतं. खरी नोंद करणारीला नोटीस मिळते, म्हणून पुढच्या महिन्यात तीही चार लिहायला लागते. हे आपण तपासणी करणाऱ्यांनीच घडवलेलं आहे, आणि ते थांबवणंही आपल्याच हातात आहे. बिघडलेली लस बाळाला टोचली गेली तर ते आईला त्या दिवशी कळतही नाही. पेंटाव्हॅलंटसारखी, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस तर गोठली तरी वाया जाते, म्हणजे जास्त थंडही चालत नाही.

सापाचं बघा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही, आणि पहाटे माणूस पोट दुखतं म्हणत येतो, पापण्या मिटायला लागलेल्या असतात. अशा वेळी ड्यूटीवर कोण असतं? तर सिस्टर. म्हणून विचारायचं तर तिलाच विचारा: प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या लगेच काढून दाखवाल का? कपाटाची किल्ली कुणाकडे? रिॲक्शन आली तर ॲड्रेनॅलिन कुठे आहे? श्वास द्यायची अँबू बॅग दाबून दाखवा. घोणस चावली असेल, तर रक्त गोठतं का ते बघायला कोरडी, स्वच्छ काचेची नळी लागते. त्यात दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. प्लास्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत ही तपासणी फसते. वीस रुपयांचीही वस्तू नाही ही, पण ती ट्रेमध्ये आहे का, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. दवाखान्याच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीत तुमचे सदस्य आहेत, आशाताई आहेत. २००७ पासून मेळघाटासह अमरावती जिल्ह्यात लोकाधारित देखरेखीतून गावकऱ्यांनी असेच प्रश्न जनसुनवाईत मांडले आहेत. फक्त एक पथ्य पाळा: सिस्टरला गुन्हेगारासारखं उभं करू नका. उणीव सापडली तर ती समितीच्या ठरावात लिहा, कुणाच्या नावावर नाही, आणि औषध आणायला पैसे कुठून येणार तेही त्याच बैठकीत ठरवा.

मघाशी एका ताईंनी विचारलं, खासगी दवाखान्याचं काय? खाटा असलेल्या रुग्णालयाला महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते, तिथं रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक आहे. फक्त ओपीडी चालवणारा छोटा दवाखाना त्या कायद्याबाहेर राहतो, आणि गावात तर बहुतेक तेच आहेत. पण जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम त्यांनाही लागू आहेत. तेव्हा सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, वापरलेली सुई भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते का बघा, आणि डॉक्टरांचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर नसेल तर ते कुठे आहे ते विचारा.