ब्रेकचा हात

श्रोतेहो, नमस्कार.

खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोनं केलेलं गोल्फचं मैदान आहे. पावसाळ्यात पांडवकडा बघायला गेला असाल, तर त्या भागातली ती हिरवीगार जमीन नजरेला पडली असेल. क्लबचं सभासदत्व नसलं तरी फी भरून खेळता येतं, असं ते मैदान. मी तिथं गोल्फ शिकवतो. सकाळी साडेसहाला चटया अंथरतो, बादल्यांत चेंडू भरतो, आणि पहिला विद्यार्थी यायच्या आत स्वतः पटरनं दहाबारा चेंडू होलात घालून घेतो. पटर म्हणजे जमिनीवरून चेंडू हलकेच ढकलायची काठी. आज तिच्याबद्दलच बोलणार आहे.

त्याआधी, मला रोज विचारला जाणारा एक प्रश्न. हा श्रीमंतांचा खेळ ना? स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान म्हणजे गोल्फची पंढरी. ते आहे सार्वजनिक जमिनीवर. एरवी रविवारी तिथं खेळ बंद असतो आणि गावातली माणसं कुत्री घेऊन, पोरं घेऊन त्याच हिरवळीवर फिरायला येतात. आपल्याकडे हा खेळ साहेबांबरोबर आला, 1829 साली कलकत्त्यात क्लब निघाला, आणि फाटकाशी पहारा बसला तो पुढं बराच काळ तसाच राहिला. तरी त्या फाटकातूनही माणसं आत आली. अली शेर कॅडीचं काम करत खेळ शिकले, दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिल्या, आणि 1991 साली त्यांनी इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. म्हणून सर्वांना खुलं असलेलं मैदान मला मोलाचं वाटतं. गोल्फला पाणी फार लागतं, असंही लोक म्हणतात. त्याबद्दल माझं मत पक्कं आहे. गोल्फच्या हिरवळीला प्रक्रिया केलेलं सांडपाणीच द्यावं, प्यायच्या पाण्याचा थेंबही देऊ नये. आणि शाळांमध्ये पीटीचा तास गणिताला देऊन टाकतात, तेही बंद व्हावं. माझ्याकडे येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांना एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहता येत नाही. हे गोल्फचं नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

असो. मुद्द्यावर येतो. गोल्फ शिकायचा तर होलपासून मागं मागं शिकायचा. होलपासून मागं. नवा माणूस आला की त्याला सगळ्यात लांब काठी हवी असते, चेंडू डोंगरापर्यंत जायला हवा असतो. पण हिशेब बघा. 18 होलच्या मैदानाचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागतील असे धरलेले फटके, साधारण 72 असतो, आणि त्यातले 36, म्हणजे बरोबर निम्मे, पटरचे धरलेले असतात. होलचा व्यास 108 मिलिमीटर, आपल्या आमटीच्या वाटीएवढा. खेळ संपतो त्या वाटीत. मग शिकवणी तिथूनच का सुरू करू नये?

हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. एका मोटरमननं शिकवलं. त्यांचं नाव सांगत नाही, मी त्यांना काका म्हणतो, तुम्हीही काकाच म्हणा.

चार वर्षांपूर्वी, जून संपता संपता ते आले. वय 61. मध्य रेल्वेवर 22 वर्षं लोकल चालवून निवृत्त झालेले. परदेशी जाताना भाच्यानं आपला जुना सेट त्यांच्याकडे ठेवला होता, आणि घरात पडून राहण्यापेक्षा शिकू म्हणून ते पिशवी खांद्याला लावून आले. इस्त्रीचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर घड्याळ. वेळ सातची दिली की सातला दोन मिनिटं कमी असताना हजर.

काकांनी काठी हातात धरली आणि माझ्या लक्षात आलं की काम अवघड आहे. बोटांची पेरं पांढरी पडलेली. मनगटापासून कोपरापर्यंत शिरा ताठ. इतकी घट्ट धरली की काठीचं डोकं वळतच नाही, आणि चेंडू दर वेळी उजवीकडं भरकटतो. मी म्हटलं, काका, सैल धरा. ते म्हणाले, हो मास्तर. धरायचे सैल. काठी मागं न्यायचे तोवर सैल, आणि खाली आणताना पुन्हा ती पकड.

मी सगळे उपाय करून पाहिले. पोळीला लाटणं कसं फिरतं राहतं, आवळलं तर पोळी फाटते, तसं धरा म्हटलं. हातात चिमणीचं पिल्लू आहे असं समजा म्हटलं. टूथपेस्टची उघडी नळी दिली, पेस्ट बाहेर येऊ द्यायची नाही म्हटलं. नळी चपटी झाली. तीन आठवडे मी एकच शब्द बोलत होतो, सैल, सैल, सैल. माझा आवाज चढत होता आणि काकांची पेरं आणखी पांढरी होत होती. चूक माझी होती. मी शब्द बदलत नव्हतो, आणि ते असं का करतात हे विचारतही नव्हतो.

एके दिवशी पावसानं झोडपून काढलं. आम्ही दोघं शेडखाली चहा घेत बसलो. काका कपाकडे बघत म्हणाले, "मास्तर, एक सांगू का? तुम्ही सैल सोडा म्हणता ना, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो."

मी म्हटलं, "का हो काका?"

त्यांनी बाजूला टेकवलेली छत्री घेतली, तिच्या मुठीवर तळहात ठेवला आणि दाबला. म्हणाले, "आमच्या गाडीला डेडमॅन हँडल असतं. ते दाबून धरायचं. मोटरमनला चक्कर आली, काही झालं, आणि हाताचा दाब गेला, की गाडीला आपोआप इमर्जन्सी ब्रेक लागतो. मागं बारा डबे भरून माणसं. शिंक आली तरी हात उचलायचा नाही. 22 वर्षं, मास्तर. घरी झोपेतसुद्धा हा हात उशी दाबून असतो, बायको सांगते."

मी त्यांचा तळहात पाहिला. अंगठ्याखालच्या गादीवर घट्टा होता, जुना, पिवळट, चकचकीत. तीन आठवडे तो हात मी रोज पाहत होतो आणि घट्टा मला दिसला नव्हता.

मग मी विचारलं, "आणि ब्रेक कुठल्या हातानं?"

"दुसऱ्या."

"तोही असाच दाबता?"

काका हसले. "ब्रेक दाबून कसं चालेल? दारात लटकलेली माणसं असतात, आत म्हातारी उभी असते. ब्रेक चिमटीनं लावायचा. थोडा लावायचा, गाडीला कळू द्यायचं, थोडा सोडायचा. बारा डब्यांची गाडी 250 मीटरच्या आसपास लांब. फलाटात शिरताना चांगला वेग असतो, आणि थांबायचं कुठं, तर बारा डब्यांच्या पाटीसमोर. पुढं गेलात तर पहिला डबा फलाटाबाहेर."

पाऊस उघडला तसा मी त्यांना रेंजवर, म्हणजे लांब फटक्यांच्या सरावाच्या जागेवर, नेलंच नाही. पटिंगच्या हिरवळीवर नेलं, पटर हातात दिला आणि म्हटलं, "काका, तीस फुटांवर तो होल आहे. ती तुमची पाटी. ब्रेकच्या हातानं गाडी लावा."

पहिला चेंडू निम्म्यातच थांबला. काका खाली वाकले, ओल्या गवतावर हात फिरवला, आणि म्हणाले, "इथं उलटं आहे. रूळ ओले असले की गाडी घसरते. हे ओलं असलं की चेंडू अडतो." दुसरा चेंडू होलच्या पुढं गेला. तिसरा चेंडू निघाला, चढावर मंदावला, होलच्या कडेला वीतभर अंतरावर येऊन थांबला. मी चेंडूकडं बघत नव्हतो, हातांकडं बघत होतो. पेरं पांढरी नव्हती. मी काही बोललो नाही. चौथा चेंडू ठेवला.

त्यानंतर सहा आठवडे आम्ही होलपासून मागं मागं सरकत गेलो. आधी फक्त पटर. मग हिरवळीच्या कडेवरून छोटा फटका. मग वीस पावलांवरून, मग पन्नास. काठी लांब होत गेली, हात तोच राहिला. मध्येच पकड आवळली की मी सैल म्हणायचो नाही, फक्त ब्रेक म्हणायचो. ब्रेक, काका. सप्टेंबरात त्यांनी रेंजवर सात नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची काठी, मारलं आणि चेंडू सरळ 120 यार्डांच्या पाटीजवळ पडला. काकांनी घड्याळात पाहिलं. गाडी वेळेवर आली की ते असंच बघत असणार.

तेव्हापासून मी कुणाच्याही हातात काठी द्यायच्या आधी विचारतो, या हातांनी आजवर काय केलंय? एक शिंपी आले होते, त्यांना कात्रीचा हात होता. एका काकू ज्वारीच्या भाकरी थापायच्या, दोन्ही हात एका लयीत चालवणं त्यांना मला शिकवावंच लागलं नाही. डाव्याउजव्याचं, पाठीच्या कोनाचं नंतर बघतो. आधी हात विचारतो, मग होलपासून मागं जातो. ज्यांना घरी मुलांना शिकवायचंय त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. आधी हात विचारा. मग होलपासून मागं. आणि एका दिवशी एकच गोष्ट दुरुस्त करा, दोन नाहीत.

काका अजून दर मंगळवारी येतात. चेंडू होलच्या पुढं गेला की स्वतःशीच म्हणतात, डबा बाहेर गेला. हल्ली नातीला बरोबर आणतात, आठ वर्षांची आहे. तिला मोठी काठी हवीय, मी अजून दिलेली नाही. ती होलपासून हातभर अंतरावर उभी राहते, पटरनं चेंडू ढकलते, आणि आत पडल्याचा तो टक् आवाज आला की वर बघते. तो आवाज कानात बसू दे. पुढच्या मंगळवारी एक पाऊल मागं सरकू.

नमस्कार.