बाहुली बारीक, श्वास मोजका

रात्रीची कॅज्युअल्टी. स्ट्रेचरवर तरुण मुलगा. ओठ निळसर, चिमटा काढला तरी हालचाल नाही. श्वास मिनिटाला पाच-सहा, तेही घोरल्यासारखे. टॉर्च मारला, तर डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात बारीक बाहुली दिसली की आधी कीटकनाशक आठवतं. त्यात गैर काहीच नाही. पण ऑरगॅनोफॉस्फेट पोटात गेलेला माणूस ओला असतो: लाळ, घाम, छातीत घरघर, फडफडणारे स्नायू. ब्राउन शुगर (हेरॉइन) किंवा मॉर्फिन, म्हणजे अफूच्या जातीचं काही जास्त झालेला सहसा कोरडा आणि शांत असतो. त्याचा श्वासच विझत चाललेला असतो.

यावर उतारा आहे नॅलोक्सोन. मेंदूतल्या ज्या जागा अफूच्या जातीच्या औषधांनी अडवलेल्या असतात, तिथून त्यांना हुसकावून ते स्वतः बसतं. अंगात अफू नसेल, तर ते जवळपास काहीच करत नाही. म्हणून शंका असली तरी द्यायला हरकत नसते.

पण आधी हवा. मान मागे, हनुवटी वर, मास्क घट्ट, ऑक्सिजन जोडलेली अँबू बॅग (हातानं दाबून श्वास देणारी पिशवी) दर पाच-सहा सेकंदांनी एकदा. बोटातून साखर तपासणं त्याच वेळी. नॅलोक्सोनचं ॲम्प्यूल (काचेची कुपी) शोधायला म्हणून बॅग दाबणारा हात सोडायचा नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलेला असताना उतारा दिला, तर ॲड्रिनॅलिन उसळतं आणि फुप्फुसात पाणी भरू शकतं.

एका ॲम्प्यूलमध्ये १ मिली, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम. त्यात ९ मिली नॉर्मल सलाईन मिसळलं की प्रत्येक मिलीत ४० मायक्रोग्रॅम येतात. शिरेतून १ मिली द्यायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, श्वास मोजायचा, गरज असेल तर पुन्हा, थोडं वाढवून. शीर सापडत नसेल तर अख्खं ॲम्प्यूल मांडीच्या स्नायूत. तिथे असर दिसायला पाचेक मिनिटं लागतात. एकूण १० मिलिग्रॅम देऊनही फरक नसेल, तर निदानच पुन्हा तपासायचं.

थांबायचं कुठे? श्वास मिनिटाला १२ झाले की. रुग्णानं उठून नाव सांगायची गरज नाही. व्यसनी माणसाला घाईनं अख्खं ॲम्प्यूल शिरेतून ढकललं की तो ओकतो, हातपाय झाडतो, सुई उपसून निघून जातो. कर्करोगाच्या रुग्णाची तर दबलेली वेदना एकदम उसळते.

निघून जाणं धोक्याचं, कारण नॅलोक्सोन टिकतं ३० ते ९० मिनिटं आणि मेथाडोनसारखं अफूच्या जातीचं औषध दिवसभराहूनही जास्त. श्वास पुन्हा मंदावला, तर ज्या मात्रेनं काम झालं तिच्या दोन-तृतीयांश दर तासाला ठिबकातून. २४० मायक्रोग्रॅम लागले असतील तर तासाला १६०. पाच ॲम्प्यूल ५०० मिली सलाईनमध्ये घातली, तर ते होतात तासाला ४० मिली.

ट्रॅमाडॉल या वेदनाशामकानं झटके येतात, ते नॅलोक्सोननं थांबत नाहीत. ब्युप्रेनॉर्फिन हे अफूच्या जातीचं औषध मेंदूतली जागा सहज सोडत नाही. तिथे मात्रा जास्त लागते आणि भिस्त बॅगवरच.

ठिबक बंद केल्यावरही काही तास नजर हवी, आणि श्वास छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचे. नाकात ऑक्सिजन चालू असेल, तर श्वास सहावर आलेला असतानाही ऑक्सिमीटर ९७ दाखवत राहतो.